थंडीतले थर: वाऱ्याचा थर वेगळा काढल्यावर

या हिवाळ्यात एक गोष्ट पक्की झाली. डोंगरात फिरताना कपड्यांमधला वारा अडवणारा थर आणि पाऊस अडवणारा थर मी आता वेगळे ठेवतो. कोरड्या थंडीत चढताना अंगावर फक्त पहिला. रेनजाकीट सॅकच्या तळाशी.

कारण घाम. रेनजाकीट वारा पूर्ण अडवतं, पण उभ्या चढावर अंगातून निघणारी वाफ त्याच्या पडद्यातून तेवढ्या झपाट्याने बाहेर पडत नाही. लेबलवरचा २०,००० मिमी हा आकडा पाणी अडवण्याचा आहे, घाम सोडण्याचा नाही. मग डोंगराच्या धारेवर पोचेपर्यंत पाठ चिंब होते आणि थांबलं रे थांबलं की हुडहुडी भरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे आतून भिजणं आणि पावसात भिजणं यात अंगाला फारसा फरक नसतो.

त्याजागी आलं बिनअस्तराचं, घट्ट विणीच्या नायलॉनचं विंडशर्ट. वजन १०० ग्रॅमच्या आसपास, घडी केली की मुठीत मावतं. कापड निवडायची माझी पद्धत साधी आहे: ओठांवर घट्ट धरून जोरात फुंकायचं. हवा सरळ पार गेली तर धारेवरचा वाराही तसाच आत येणार. अजिबात गेली नाही तर चढावर घाम कोंडणार. जोर लावल्यावर किंचित झिरपते, ते कापड माझं.

त्याच्या आत फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम धाग्याचं उबदार कापड, आतल्या बाजूने चौकटी-चौकटींची वीण असलेलं. उघड्या माथ्यावर नुसतं फ्लीस फार कमी कामाचं, कारण ऊब धाग्यांत अडकलेल्या हवेची असते आणि वारा नेमकी तीच उडवून नेतो. तापमान ० अंश आणि वारा ताशी ३० किमी असेल, तर उघड्या त्वचेला उणे ६ अंशांसारखं बोचतं. शिवाय दर १००० मीटर चढाईला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. फ्लीसवर विंडशर्ट चढवलं की दोन्ही मिळूनही जाड जाकिटापेक्षा हलके पडतात, आणि चालताना ऊब पुरते.

बेस लेयरबद्दल, म्हणजे अंगालगतच्या थराबद्दल, फार लिहीत नाही. एका दिवसाच्या दमदार चढाला पॉलिएस्टर, कारण ते लवकर वाळतं. मुक्काम असेल तर १५० जीएसएमचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम) मेरिनो लोकरीचं, कारण त्याला वास धरत नाही आणि दमट झालं तरी अंगाला गार लागत नाही. सुती कापड नकोच.

खरा वेळ द्यावा तो जाकिटाच्या कडा तपासायला. हूड डोक्याबरोबर वळतं का? मान वळवली आणि एक डोळा हूडच्या आत गेला, तर ते जाकीट परत ठेवा. चेन हनुवटीपर्यंत येते का? मनगटाचा इलॅस्टिक हातमोज्याखाली सपाट बसतो का? खालची दोरी सॅकच्या कंबरपट्ट्याखाली रुतते का? वारा शिरतो तो इथूनच.

थांब्याचा थर मात्र सगळ्यांच्या वरून. जाड पफी (आत पिसं किंवा सिंथेटिक भरण असलेलं फुगीर) जाकीट एक माप मोठं घ्यावं, म्हणजे विंडशर्ट न काढता घालता येतं आणि आतलं पीस दबत नाही. बसण्याआधीच घालायचं, गार वाटायची वाट बघायची नाही. दमट हवेत मी पिसांऐवजी सिंथेटिक भरणाचं नेतो. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. निघताना ते आधी सॅकमध्ये. पहिली दहा मिनिटं काकडायला झालं तरी चालेल, चढ लागला की अंग तापतंच.

आता हातांकडे वळलोय. आत पातळ लोकरी हातमोजे, वरून वारारोधक मिटन (चारही बोटं एकाच कप्प्यात असलेले मोजे), अशी जोडी चालू आहे. ऊब उत्तम, पण मिटन घालून चेनची दोरी पकडता येत नाही. दोऱ्या लांब आणि जाड करून बघतोय. कुणी यावर काही जमवलं असेल तर जरूर सांगा.