पत्राच्या आरपार

"अगं, ती बाई पत्रातनं आरपार गेली की!" आत्या मोबाईल बघत ओरडलीच.

मुंबईच्या जितीश कल्लाट या कलाकाराच्या 'कव्हरिंग लेटर' या कलाकृतीचा व्हिडिओ दाखवत होते तिला. अंधारी खोली, धुक्याचा पडदा आणि त्यावर सरकणारं पत्र, गांधीजींनी २३ जुलै १९३९ ला वर्ध्याहून हिटलरला लिहिलेलं, युद्ध टाळा म्हणून. माणसं त्यातून चालत जातात, अक्षरं विरतात, मग मागे परत जुळतात.

आत्या शेवटाशीच अडली. लिहिण्यात चूक झाली असेल तर क्षमा कराल, अशा अर्थाचं आहे तिथे. "जो युद्ध करणार त्याचीच क्षमा मागायची? एवढं नमून?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. ब्रिटिश सरकारने पत्र पुढे जाऊच दिलं नाही आणि १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. म्हणून ते लिहिणं वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही, उलट एवढ्या ताकदवान माणसाला इतक्या साध्या भाषेत थांब म्हणायला केवढी हिंमत लागते, आणि ती हिंमत कल्लाटने आपल्याला नुसती वाचायला नाही, अंगावर घ्यायला लावलीये.

तुम्ही लिहिलं असतंत असं पत्र?