आमची वाटचाल : पिंपळगाव ते कोलंबो

२०११ साली पिंपळगाव बसवंतला भाड्याने खळं, म्हणजे कांदा निवडून गोण्या भरायची जागा, घेतलं तेव्हा एक वजनकाटा, कांदा निवडायला आठ बायका आणि मार्केटात वडिलांची ओळख, एवढंच भांडवल होतं. पाच वर्षांनी स्वतःच्या नावाने पहिला कंटेनर न्हावाशेव्याहून कोलंबोला गेला. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मग निर्यातबंद्या आल्या. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३. शेवटची आली तेव्हा खळ्यात लाल कांद्याच्या गोण्या शिवून तयार होत्या. उन्हाळ, म्हणजे टिकणारा उन्हाळी कांदा असता, तर साठवणुकीच्या कांदाचाळीत टाकला असता. लाल कांदा कुठला थांबतोय! कोंब दिसायला लागले तसा मिळेल त्या भावाने दिल्लीच्या गाडीत घातला.

बंदी हवी की नको, यावर आमच्या घरातच दोन तट. ठाण्याची बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आम्ही किलोला साठ मोजतोय, तू आपलंच बघ." सासरे चांदवडला महामार्ग अडवायला जाऊन बसले. आणि देशातच माल लावणारे काही व्यापारी तोंडाने निषेध करत होते, मनातून खूश होते. लिलावात कांदा पडेल भावात मिळत होता ना. आमच्यात हे कुणी उघड बोलत नाही.

बहिणीचंही खोटं नव्हतं. माझं भांडण रातोरात दार लावण्याशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलरचा दर आला, त्याखाली माल बाहेर विकायचा नाही. कुरकुरलो, पण गिऱ्हाइकाला आकडा सांगता येत होता. बंदीत सांगणार काय? कोलंबोच्या शेठनी दोनदा विचारलं, मग पाकिस्तानचा कांदा धरला.

बंदी ३१ मार्चला उठेल या आशेवर होतो, ती पुढे ढकलली. उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. लोकसभेचं आमचं मतदान २० मेला होतं. नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. बहिणीने विचारलं, "कांद्यामुळे?" म्हटलं, "कांद्यामुळेही."

शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. आज खळ्यावर बावीस बायका आहेत, निम्मा माल दिल्लीला जातो. कोलंबोचे शेठ परत आलेत. फक्त ऑर्डर देण्याआधी त्यांचा मेसेज येतो : बंदीची काही बातमी?