पेट्रोल भरताना मीटरवर लक्ष ठेवा
आम्ही सावंतवाडीचे, त्यामुळे गोव्यात काम असलं की टाकी तिकडेच फुल करतो, तिथे व्हॅट कमी म्हणून पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं. पण फक्त पेट्रोलसाठी मुद्दाम जाऊ नका हां, जाण्यायेण्यातच वाचलेले पैसे जातात.

खरं नुकसान मापात होतं. मागे एका पंपावर पोरगा काच पुसायच्या नावाने बोलत राहिला आणि मीटर शून्यावर न आणताच नोझल लावला, मी बघितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून गाडीतून उतरूनच भरतो. शंका आली तर सरळ ५ लिटरचं माप मागा, प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मोजून दाखवावं लागतं, २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. लाजू नका, पैसे आपले आहेत.