एका अहवालाचे चार आणि सात

पुणे परिसरातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी शिक्षकांसाठी मूल्यमापनाच्या प्रमाणीकरणाची, म्हणजे सगळ्यांनी एकाच मापाने गुण द्यावेत यासाठीची, कार्यशाळा घेतली, त्याला काही महिने होऊन गेले. तरी त्या दिवशी टेबलावर आलेला विज्ञानाचा एक प्रयोग-अहवाल आणि त्यावरून झालेली चर्चा अजून माझ्या मनातून जात नाही. कार्यशाळा उत्तम झाली असे शाळेने कळवले आणि शिक्षकांनी अभिप्रायही मनापासून लिहिले. ज्या विद्यार्थ्याच्या अहवालावर आम्ही दिवसाचा मोठा भाग खर्च केला, त्याची श्रेणी मात्र होती तिथेच राहिली.

या शाळेत इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) या संस्थेचा मिडल इयर्स प्रोग्राम (एमवायपी), म्हणजे साधारण अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी 1994 साली सुरू झालेला अभ्यासक्रम चालतो. मान्यताप्राप्त शाळांचे दर पाच वर्षांनी मूल्यांकन होते आणि त्या वेळी शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आहे का, एकाच विषयाचे शिक्षक एकाच मापाने गुण देतात का, याचे पुरावे दाखवावे लागतात. त्यामुळे माझ्यासारख्या प्रशिक्षकांना बोलावणे येते ते बहुधा मूल्यांकनाच्या तोंडावर, आणि तेही शनिवारी, जेव्हा शिक्षकांच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे लिहायचे राहिलेले असतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण सुचवले, हे चांगलेच झाले. पण शाळांनी त्यातले तास तेवढे उचलले. कोण किती तास बसले याची नोंद सगळीकडे चोख असते, आणि त्या तासांनंतर वर्गात काय बदलले हे विचारणारी शाळा क्वचित भेटते.

एमवायपीत प्रत्येक विषयाला चार निकष असतात आणि प्रत्येक निकषाला आठपैकी पातळी दिली जाते. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा आणि सात-आठ अशा चार पट्ट्यांची वर्णने लिहिलेली असतात. विद्यार्थ्याचे काम ज्या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळते, ती पातळी द्यायची. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेक शिक्षक ज्या परीक्षापद्धतीत वाढले, तिथे पैकीच्या पैकी गुणांपासून सुरुवात करून चुकीगणिक अर्धा-अर्धा गुण कापत खाली यायचे असते. ती सवय इतकी खोल गेलेली असते की वीस वर्षे शिकवलेले, विषयावर उत्तम पकड असलेले शिक्षकसुद्धा निकषांचा कागद शेजारी ठेवतात आणि लाल पेनाने चुकाच मोजत जातात. मुलाच्या कामात काय आहे हे शोधण्याआधी काय नाही हे शोधले जाते, आणि तोवर हातून चार दिले गेलेले असतात.

म्हणून माझे काही नियम ठरलेले आहेत आणि त्यांबाबत मी कोणाचेही ऐकत नाही. विद्यार्थ्याच्या कामाची नाव काढलेली प्रत सगळ्यांना एकाच वेळी मिळते. वाचन शांतपणे होते. प्रत्येकाने आपली पातळी शाईच्या पेनाने चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी घडी करून माझ्याकडे द्यायची, आणि सगळ्या चिठ्ठ्या आल्यावरच भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपके लागतात. बोलताना सर्वांत नव्या शिक्षकाने सुरुवात करायची आणि विभागप्रमुखांनी शेवटी बोलायचे. ‘मला असे वाटते’ हे वाक्य चालत नाही. अहवालातल्या ओळीवर बोट ठेवायचे, मग वर्णनातल्या ओळीवर ठेवायचे, आणि दोन्ही कशा जुळतात ते सांगायचे. हे नियम पाळले नाहीत तर काय होते ते मी अनेक शाळांत पाहिले आहे: विभागप्रमुख पाच म्हणतात, आणि दहा मिनिटांत खोलीतील सगळ्यांचे पाच होतात. इतिवृत्तात त्याला सहमती म्हणतात. ती सहमती नसते, तो दबदबा असतो.

गटही मी विषयांप्रमाणे पाडत नाही. त्या दिवशी विज्ञानाच्या टेबलावर विज्ञानाचे चार शिक्षक होते, एक चित्रकलेच्या शिक्षिका होत्या आणि मराठीच्या एक बाई होत्या. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा आंतरराष्ट्रीय शाळांनी मराठीच्या शिक्षकांची भरती केली खरी, पण पुष्कळ ठिकाणी त्यांना कायद्याची गरज भागवणारे कर्मचारी समजले जाते. परगावच्या प्रशिक्षणाला त्यांना पाठवत नाहीत, कारण मराठी ‘कार्यक्रमाचा भाग नाही’. या बाईंचे नावही उपस्थितांच्या यादीत सुरुवातीला नव्हते. सगळे शिक्षक बसणार असतील तरच मी येईन, असे मी कळवल्यावर ते आले.

अहवाल होता बटाट्यावरच्या परासरणाच्या प्रयोगाचा. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या नळकांड्या कापायच्या, वजन करून साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायच्या, काही तासांनी बाहेर काढून टिपकागदाने पुसायच्या आणि वजनात शेकडा किती फरक पडला ते काढायचे. विद्यार्थ्याचे गृहीतक होते की द्रावण जितके तीव्र, तितके वजन सरळ रेषेत घटत जाईल. तसे झाले नव्हते. आलेख आधी झपाट्याने खाली येत होता आणि पुढे जवळजवळ आडवा होत होता. विद्यार्थ्याने स्वच्छ लिहिले होते की गृहीतक पहिल्या भागापुरतेच टिकते, पुढे टिकत नाही, कारण पेशींतून बाहेर जाण्याजोगे पाणीच संपत येते. एका द्रावणातल्या तीन नळकांड्यांपैकी एकीचे वजन इतर दोघींशी जुळत नव्हते. तो आकडा त्याने गाळला नव्हता. आलेखात त्याभोवती वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते की तास संपत आल्याने ही नळकांडी घाईत पुसली गेली असावी, म्हणून सरासरी हा आकडा धरून आणि वगळून अशी दोन्ही प्रकारे दिली आहे. सुधारणा सुचवताना त्याने सगळ्या नळकांड्या एकाच बटाट्यातून कापाव्यात, पुसण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि आलेख शून्याची रेषा जिथे ओलांडतो त्याच्या आसपास आणखी दोन-तीन तीव्रता घ्याव्यात असे म्हटले होते. हे सगळे अडखळत्या इंग्रजीत होते. क्रियापदांचे काळ चुकलेले होते आणि एक परिच्छेद तर पूर्णविरामाशिवाय पानभर चालला होता.

निकष होता तिसरा: माहितीवर प्रक्रिया आणि तिचे मूल्यमापन. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा तक्त्यावर तीन आणि चारच्या खाली ठिपक्यांची दाटी होती, चित्रकलेच्या शिक्षिकांचा एक ठिपका पाचखाली होता, आणि सातखाली एकच होता. तो मराठीच्या बाईंचा.

विभागप्रमुखांनी शेवटी बोलायचा नियम तिथल्या तिथे मोडला. “गृहीतकच चुकलेलं आहे, मग सात कसे देणार?” असे त्यांनी विचारले. बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, मला विज्ञान येत नाही असंच धरून चला. पण गृहीतक बरोबर निघालं पाहिजे, असं या कागदावर कुठे लिहिलंय तेवढं मला दाखवा.” मग त्यांनी सात-आठच्या पट्ट्यातील वर्णन मोठ्याने वाचले आणि एकेका ओळीसाठी अहवालातील जागा दाखवली. गृहीतक कितपत टिकले याचे परीक्षण इथे आहे, पद्धतीतल्या त्रुटींचे इथे आहे, सुधारणा आणि तिचे कारण इथे आहे. इंग्रजी कच्चे आहे हे त्यांनी मान्य केले आणि विचारले की या निकषात भाषेचे व्याकरण कोणत्या ओळीत येते. ते कोणत्याच ओळीत येत नव्हते.

खोलीतल्या शिक्षकांनी यानंतर जे केले त्याचे मला फार कौतुक वाटते. त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. विज्ञानाच्या तीन शिक्षकांनी आपली पातळी सातवर नेली आणि प्रत्येकाने ओळीवर बोट ठेवून कारण सांगितले. विभागप्रमुख सहावर थांबले. आलेख आडवा का झाला याचे स्पष्टीकरण एका वाक्यात उरकले आहे, पाणी कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणाऱ्या पाण्याच्या विभवाचा उल्लेखही नाही, आणि दहावीच्या विद्यार्थ्याकडून शास्त्रीय कारणमीमांसा याहून भरीव हवी, असे त्यांचे म्हणणे होते. हे कारण मजकुरात दाखवता येणारे होते, आणि आधीच्या प्रश्नापेक्षा ते कितीतरी वरच्या दर्जाचे होते. मी त्यांना सात लिहायचा आग्रह केला नाही. गटाची पातळी सात आणि एक मत सहाचे, अशी नोंद झाली.

चहाच्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या शिक्षिकांपैकी एक उभ्या राहिल्या. “हे माझ्या वर्गातलं काम आहे. याच सत्रातलं. मी चार दिलेत,” असे त्या म्हणाल्या. मी शाळांकडे नेहमी मागच्या वर्षीचे काम मागते. इथे चालू वर्षाचे आले होते. मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. त्या विद्यार्थ्याला इतर तीन निकषांत सहा, सहा आणि पाच होते. तिसऱ्या निकषात चार धरले तर बत्तीसपैकी एकवीस होतात, आणि 19 ते 23 या गटाची श्रेणी असते सातपैकी पाच. सात धरले तर चोवीस होतात आणि श्रेणी सहा होते. विभागप्रमुखांचे सहा धरले तर तेवीस, म्हणजे पुन्हा पाच. पुढे डिप्लोमात, म्हणजे आयबीच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात, विज्ञान उच्च स्तरावर घ्यायचे असेल तर दहावीत सहा हवेत, असा त्या शाळेचा स्वतःचा नियम आहे. या मुलाला जीवशास्त्र उच्च स्तरावर हवे होते आणि पाच आल्यामुळे त्याला दुसरा विषय सुचवण्यात आला होता.

आपलीच दिलेली पातळी सहकाऱ्यांसमोर अशी उघडी करायला धैर्य लागते. शाळांत असे धैर्य सहसा कोणी दाखवत नाही, कारण त्याचे बक्षीस कोणी देत नाही.

समन्वयक मॅडमनी तिथेच सांगितले की प्रगतिपुस्तके पालकांकडे गेली आहेत आणि आता बदल शक्य नाही. दिवस संपल्यावर त्यांनी मला आणखी एक मुद्दा सांगितला आणि तो मला सोडून देता येत नाही. एकाच मुलाचा अहवाल योगायोगाने कार्यशाळेत आला म्हणून त्याची श्रेणी वाढवायची, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांचे अहवाल त्याच लाल पेनाखालून गेले असताना ते तसेच ठेवायचे, हा त्या मुलांवर अन्याय नाही का? अन्याय आहेच. पण त्यावरचा उपाय सगळे अहवाल पुन्हा तपासणे हा आहे, एकालाही हात न लावणे हा नव्हे. डिप्लोमात शाळेने दिलेल्या अंतर्गत गुणांबाबत आयबी नेमके हेच करते: काही विद्यार्थ्यांचे नमुने मागवून तपासते, आणि शिक्षकाचे माप कडक किंवा सैल निघाले तर त्या विषयातील सगळ्यांचे गुण त्याप्रमाणे बदलते. नमुना तपासायचा तो उरलेल्या कामाबद्दल काही कळावे म्हणून. सहा की सात हा वाद खरा आहे आणि तो कदाचित मिटणारही नाही; पण चार कोणाचेच राहिले नव्हते, आणि प्रगतिपुस्तकात चारच उभे होते.

मी हे सगळे लेखी कळवले. उत्तरात आभार होते आणि इतिवृत्ताची प्रत मूल्यांकनाच्या कागदपत्रांत लावल्याचा उल्लेख होता. त्या शिक्षिकांनी सुट्टीत स्वतःहून वर्गातील सर्व अहवाल पुन्हा तपासले आणि नव्या पातळ्यांची यादी समन्वयकांना दिली. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून नोंदली गेलेली नाही. त्या कार्यशाळेत सर्वांत नेमके वाचन करणाऱ्या मराठीच्या बाईंना पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत घ्यावे, असेही मी सुचवले होते. त्यावर काहीच उत्तर आले नाही.

आता प्रमाणीकरणाचे काम घेण्यापूर्वी मी शाळेकडून एक गोष्ट लिहून मागते. कार्यशाळा प्रगतिपुस्तके जाण्याआधी व्हावी, काम चालू सत्रातलेच असावे, आणि गटाचे माप मूळ मापाहून दोन पातळ्यांनी किंवा जास्त सरकले तर त्या शिक्षकाने तपासलेले सर्व काम पुन्हा पाहिले जावे. काही शाळा यावर विचार करून कळवतो म्हणाल्या. एका शाळेने होकार दिला आहे आणि तिने सत्र संपण्याच्या तीन आठवडे आधीची तारीख दिली आहे.