साहेबांचं खाकरणं

निवडणूक लागली की आमच्या छोट्या स्टुडिओचं वर्षाचं भाडं तीन आठवड्यांत निघतं. चिन्हाचं गाणं, रिक्षावरचं 'ताई माई अक्का', सभेची हाळी. २०२४ च्या विधानसभेला मात्र एका उमेदवाराचा पुतण्या दोन जुन्या कॅसेटी घेऊन आला. उमेदवाराच्या वडिलांची भाषणं. साहेब जाऊन नऊ वर्षं झालेली.

"दादा, साहेबांनी प्रत्येकाला नावानं हाक मारायची, फोनवर."

मी हसलो, तर त्यानं मोबाईल पुढे केला. २०१८ साली गेलेले तमिळनाडूचे नेते करुणानिधी जानेवारी २०२४ मध्ये एका पुस्तक प्रकाशनात, एआयनं केलेल्या रूपात आणि आवाजात, पडद्यावरून बोलत होते. मी मुलाची लेखी संमती मागितली, ती तासाभरात आली. साहेबांची कुठून आणणार?

काम मात्र झकास केलं, खोटं कशाला बोलू. फितीला बुरशी, मागे भोंग्याची गुणगुण. दीड तासातून स्वच्छ अशी अकरा मिनिटं निघाली. आवाजाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला सवय हिंदीची. 'चांगलं'मधला च ते 'चिमणी'सारखा काढायचं आणि ज्ञानोबाचा ग्यानोबा करायचं. साहेबांचा खरा च कॅसेटमधून कापून मी जागोजागी बसवला. वाक्याआधी खाकरायची त्यांची सवय सॉफ्टवेअरनं गोंगाट समजून पुसून टाकली होती. ती मी हातानं परत घातली. हे कुणी मागितलं नव्हतं. मजकुराला निवडणूक यंत्रणेचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं. आवाज कुणाचा, हे मला कुणीच विचारलं नाही.

कॉल सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आक्का दुकानात आल्या. वय सत्तरीपुढचं.

"साहेबांचा फोन आलता. माझं नाव घेतलं."

"आक्का, ते मशीन असतं."

"कळतंय रे मला. मातीला गेलते मी त्यांच्या. पण खाकरले अगदी तसंच. मी बोलायच्या आत ठेवला. परत लागंल का?"

"बघतो," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

प्रचार थांबल्यावर त्याच पुतण्याचा रात्री फोन. आता विरोधकाच्या आवाजात पैशाचं बोलणं हवं होतं. मी फोन ठेवला. त्याच सुमारास, मतदानाच्या आदल्या दिवशी, निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या आरोपाच्या, बड्या नेत्यांच्या नावावरच्या ध्वनिफिती राज्यभर फिरत होत्या, त्यामुळे माझ्या नकाराचं मित्रांनी फार कौतुक केलं. त्यात कौतुक कसलं? तो उघड गुन्हा होता, आणि मला पोरंबाळं आहेत. आक्कांची गोष्ट मी त्या मित्रांना सांगितलेली नाही.

आयोगानं पुढे जानेवारी २०२५ मध्ये असा मजकूर कृत्रिम असल्याचं सांगायला लावलं, आणि ऑक्टोबरात मापही दिलं: आवाज असेल तर पहिल्या १० टक्के वेळात. म्हणजे तीस सेकंदांच्या कॉलमध्ये तीन सेकंद. हे माप ठरवणाऱ्यानं खेड्यातल्या म्हातारीला फोन उचलताना पाहिलेलं नसावं. पहिले तीन सेकंद ती 'हालो, हालो, कोन?' म्हणण्यात घालवते. आणि आक्कांना तर सगळं आधीच ठाऊक होतं. त्यांना कुठली सूचना ऐकवायची होती?

ती अकरा मिनिटं अजून हार्डडिस्कवर आहेत. परवा पुतण्या भेटला. "पुढच्या वेळी साहेब आहेत ना, दादा? दर कळवा."

अजून कळवलेला नाही.