कर्नल मॉड्युल लिहिताय? आधी एक्झिट लिहा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं शनिवारी इंजिनिअरिंगची काही पोरं लिनक्स शिकायला येतात. पहिलं मॉड्युल, म्हणजे चालू कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा कोडचा तुकडा, सगळ्यांचं पटकन होतं, छोटी मेकफाइल, इनिटमध्ये (लोड होताना चालणारं फंक्शन) लॉगमध्ये ओळ लिहिणारं एक प्रिंटके, सुडो इनस्मॉड (लोड करायची कमांड) मारलं की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ओळ दिसते आणि पोरगं खुश, "सर, झालं की लोड!" मी म्हणतो, बेस झालं, आता काढून दाखव.

कारण लोक सगळा जीव इनिटवर टाकतात आणि एक्झिट, म्हणजे मॉड्युल काढताना चालणारं फंक्शन, शेवटी उरकतात, माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आपला साधा सी प्रोग्राम मेला तर त्यानं घेतलेली मेमरी, उघडलेल्या फाइली हे सगळं कर्नल मागनं गोळा करतो. मॉड्युल मात्र स्वतःच कर्नलमध्ये राहतंय, त्याच्या मागनं आवरणारं कुणी नाही. केमॅलॉकनं (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेली मेमरी सोडली नाही तर आरएममॉड (मॉड्युल काढायची कमांड) केल्यावरपण तशीच अडकून राहते, मशीन रीबूट होईपर्यंत.

बरं, मेमरी अडकली तर मशीन निदान चालत तरी राहतं, टायमर मागं राहिला तर खेळ खल्लास! टायमरची वेळ झाली की चालणारं कॉलबॅक फंक्शन आपल्या मॉड्युलमधलं, आरएममॉडनंतर तो कोड मेमरीतून गेला, पण टायमरकडं जुना पत्ता तसाच आहे, वेळ झाली की कर्नल त्या पत्त्यावर उडी मारतो आणि तिथं काहीच नसतं. हे इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे चालू काम मधेच थांबवून, घडतं म्हणून नुसत्या ऊप्सवर (कर्नलनं लॉगमध्ये नोंदवलेली चूक) न थांबता सरळ पॅनिक होतं, म्हणजे आख्खं मशीनच थांबतं. म्हणून एक्झिटमध्ये टायमर काढताना नावात सिंक असलेलंच फंक्शन वापरायचं, कारण त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर कॉलबॅक चालू असू शकतं आणि सिंकवालं ते संपेपर्यंत थांबतं.

क्रम पण तितकाच महत्त्वाचा. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसचे स्ट्रोक मोजायचा बोर्ड आहे, त्याचा ड्रायव्हर मी लिहिलाय. प्रत्येक स्ट्रोकला बोर्डाकडनं इंटरप्ट येतो, तो आला की चालणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, बफरमध्ये वेळ लिहितो. तिथं एक्झिटची पहिली ओळ फ्री आयआरक्यू (इंटरप्ट सोडून देणारं फंक्शन) आहे आणि बफर सोडणं त्याच्यानंतर. उलटं केलं आणि मधल्या तेवढ्याशा वेळात प्रेस पडला, तर हँडलर सोडलेल्या मेमरीत लिहिणार, आणि ती मेमरी तोवर दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असेल, मग बसा शोधत.

अजून एक, इनिट अर्ध्यात फेल झालं आणि एरर परत दिला तर कर्नल एक्झिट बोलावतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मेजर नंबर (ड्रायव्हरचा ओळख क्रमांक) मिळाला, सीडेव्ह (डिव्हाइसची कर्नलमधली नोंद) जोडला, डिव्हाइस तयार झालं आणि इंटरप्ट मागताना नकार आला, तर आधीचं सगळं तिथल्या तिथं उलट्या क्रमानं सोडायचं, मांडव सोडताना शेवटची दोरी आधी सोडतात तसं. ह्यासाठी गोटो, म्हणजे सीमधली थेट लेबलावर उडी मारायची ओळ. कॉलेजात गोटोला नावं ठेवतात पण कर्नलच्या स्वतःच्या कोडिंग स्टाइलमध्ये ह्याच कामासाठी तो मान्य आहे, आणि लेबलं नीट लावली की वाचायलापण सोपं जातं. नावात डेव्हएम असलेली फंक्शनं आहेत, ती घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर सुटताना आपोआप उलट्या क्रमानं सोडतात, वापराच, पण आधी एकदा हातानं लिहा म्हणजे ती काय करतात ते कळेल.

जुनी उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका. कर्नल ६.४ मध्ये क्लास क्रिएट ह्या फंक्शनमधलं ओनरचं आर्ग्युमेंट गेलं, ५.६ पासून प्रॉक फाइलसाठी (/proc मध्ये दिसणारी फाइल) वेगळं स्ट्रक्चर लागतं, म्हणजे कोड बरोबर असूनही कंपाइल होणार नाही आणि पोरं उगाच घाबरतात.

टेस्ट क्यूईएमयूमध्येच (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) करा, रोजच्या लॅपटॉपवर नको. कासान (चुकीच्या मेमरीला हात लागला की पकडणारं) आणि केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं) चालू ठेवून कर्नल बनवा, इनिटमधली एकेक पायरी मुद्दाम फेल करून बघा, मग इनस्मॉड-आरएममॉड लूपमध्ये रात्रभर टाका आणि सकाळी डीमेसेज वाचा, अगदी पहिल्या ओळीपासून.