सॅटविना अर्ज

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने आज अमेरिकेतील विद्यापीठाचा अर्ज सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेचे गुण न जोडता भरला आणि तिच्या शिफारसपत्रासाठी मी दुपारभर संगणकासमोर बसून होतो. शिकागो विद्यापीठाने 2018 मध्ये हे गुण ऐच्छिक केले आणि कोरोनाकाळात असंख्य संस्थांनी तोच मार्ग धरला. गुण नसले की सारा भार नववीपासूनच्या गुणपत्रिका, 650 शब्दांपर्यंतचा निबंध आणि शिक्षकांची पत्रे यांवर येतो. ‘हुशार व होतकरू’ हे आपले दाखल्यावरचे ठरीव वाक्य तिथे कुचकामी! म्हणून, कापूस वेचून थेट प्रयोगशाळेत आलेल्या या मुलीने विहिरीच्या पाण्यातील क्षार मोजताना स्वतःचाच निष्कर्ष शंका येताच खोडून प्रयोग नव्याने मांडला, तो प्रसंग मी सविस्तर लिहिला.

तिच्या वडिलांनी विचारले, “सर, पेपर नाई देल्ला तं पोरीले कमजोर तं नाई समजनार ना?”

शंका रास्त होती. गुण न दिल्याने तोटा नाही, असे नियमात लिहिलेले असते. पण साधारण परिस्थितीतील मुले उपयोगी पडले असते असे गुणही झाकून ठेवतात, हे कारण देऊन डार्टमथ या अमेरिकेतल्या महाविद्यालयाने 2024 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, हे मी त्यांना सांगितले.